बोलेरोचा आल्टरनेटर: नवा, भंगारातला की रिकंडिशन?

आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग, गेला की गॅरेजवाला पहिला प्रश्न हाच विचारतो: "नवा टाकायचा, जुना बघायचा, का रिकंडिशन चालेल?" तिन्हींच्या किमतीत दुपटी-चौपटीचा फरक असतो आणि उत्तर मात्र उभ्या उभ्या द्यायचं असतं, कारण गाडी त्याच्या दारात अडकलेली असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या बोलेरोवर ही वेळ आली तेव्हा मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ घेतला. तिन्ही प्रकारचा माल हातात घेतला, जमेल तिथं उघडून पाहिला, बेंचवर फिरवून पाहिला. त्यातून जे कळलं ते दुकानाच्या काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून तपशिलात लिहितोय.

गाडी 2009 ची, जुन्या डीआय डिझेल इंजिनाची. चालवतात मुख्यतः अण्णा, म्हणजे माझे वडील. आमची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात रत्नागिरीकडून आंब्या-काजूची कलमं आणायची असतात, त्यामुळे आंबा घाट नेहमीचाच. परतताना बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो आणि घाटात पाऊस. हे आधी सांगतोय कारण शेवटी निर्णय झाला तो याच गोष्टीवर.

पहिलं लक्षण फार बारीक होतं. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पूर्ण पेटत नव्हता, नुसता मिणमिणत होता. दिवसा दिसायचाही नाही. रात्री रेस वाढवली की थोडा उजळायचा. पूर्ण पेटलेला दिवा सगळ्यांना कळतो, मिणमिणणाऱ्याकडे कुणी बघत नाही. खरं तर असा मंद दिवा बहुतेक वेळा डायोड प्लेटमधला एखादा डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेल्याचं सांगत असतो. दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा दाब आणि दुसऱ्या बाजूला आल्टरनेटरचा. दोन्ही सारखे असले की दिवा विझतो, थोडा फरक पडला की मंद जळतो. मग वायपर सुस्तावले, आणि एका सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक.

बॅटरीवाल्यानं बॅटरी गेली असं सांगून टाकलं. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, म्हणून आधी मोजून पाहिलं. बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्ज केली, तासभर तशीच ठेवली, तर 12.6 व्होल्ट. लोड टेस्टरवरही टिकली. म्हणजे बॅटरीत दोष नव्हता. गाडीत बसवून इंजिन चालू केलं तर मीटर 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवा. आला 12.3. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की 11.9 वर उतरायचा. इंजिन चालू असताना बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत होती.

तरीही लगेच आल्टरनेटरला हात घातला नाही. बेल्ट ताणलेला आहे का ते पाहिलं. आल्टरनेटरच्या जाड स्टडवर व्होल्टेज मोजलं आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवर मोजलं. दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, म्हणजे मधली केबल ठीक. इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजलं, तिथंही पाव व्होल्टाच्या आत, म्हणजे अर्थिंग ठीक. शेवटी मीटर एसी व्होल्टेजवर टाकून बॅटरीच्या टोकांवर धरला. चांगल्या आल्टरनेटरला इथं अगदी किरकोळ आकडा दिसतो. अर्ध्या व्होल्टाच्या पुढे गेला की डायोड गेला समजायचं. आमचा त्याच्या वरच होता. या चार मोजण्यांना पाव तासही लागत नाही. गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीपायी चांगला आल्टरनेटर बदलून आणलेले लोक मी पाहिले आहेत.

आता गाडी मुळात डिझेल असल्यानं जो गुंता होतो तो सांगतो. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) आपोआप व्हॅक्यूम, म्हणजे पोकळी, तयार होतो आणि ब्रेक बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) तोच पुरतो. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आमच्या गाडीत हा पंप आल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला आहे. रोटरचा, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचा, शाफ्ट मागून बाहेर येतो, त्याला दाते असतात, त्या दात्यांवर पंप फिरतो. बारीक नळीतून इंजिन ऑइल पंपात येतं, जाड नळीतून परत जातं, आणि तिसरी नळी ब्रेक बूस्टरला. म्हणजे आमच्यासाठी आल्टरनेटर निवडणं हे अर्धं ब्रेकची वस्तू निवडणं होतं. पेट्रोल गाडीवाल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, पण जुनी डिझेल गाडी असलेल्यांनी आधी बॉनेट उघडून आपला पंप कुठं आहे ते बघावं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, अण्णांच्या ओळखीचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी आल्टरनेटर उतरवून बेंचवर घेतला, चार लांब बोल्ट काढले आणि मागचं झाकण हलक्या हातानं ठोकून वेगळं केलं. आत काळा चिखल. कार्बन (रोटरला वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजून बोटाच्या नखाएवढे उरलेले, आणि तेही तेलात भिजून होल्डरमध्ये चिकटलेले. स्प्रिंग त्यांना पुढे ढकलूच शकत नव्हती. कार्बन जिच्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर नख अडकावं इतकी खाच. स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या तांब्याच्या वेढ्यांच्या, तीन फेजपैकी (गटांपैकी) दोन तांबूस, तिसरी कोळशासारखी काळी. डायोड प्लेटवरचा एक डायोड दोन्ही दिशांनी बंद.

मामांनी बोटावर तो चिखल घेऊन मला दाखवला. आल्टरनेटरला ते डायनामोच म्हणतात. "मालक, ह्यो डायनामो जळला न्हाई, तेल पिऊन मेलाय. पंपाचं सील गेलंय. पण सील का गेलं ते बघाया पायजे." त्यांनी तेल परत जाणारी जाड रबरी नळी कापून उभी चिरली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या नळीचा आतला थर फुगून सुटला होता आणि वाट निम्म्याहून जास्त बंद झाली होती. तेलाला परत जायला जागा मिळेना, पंपात दाब वाढला, सीलनं दम सोडला आणि तेल कार्बनवर. "आधी ही नळी बदला. न्हाईतर तुम्ही सोन्याचा डायनामो आणला तरी वर्षाच्या आत ह्योच हाल."

माझ्या मते सगळ्या खरेदीतला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच होता. नवा, जुना, रिकंडिशन हा वाद नंतरचा. आधीचा का मेला हे कळल्याशिवाय पुढचा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. कुणाकडे बेल्ट अती ताणलेला असतो आणि बेरिंग जातं. कुणी जम्प स्टार्ट देताना केबल उलट्या लावतो आणि डायोड एका क्षणात उडतात. कुणाची बॅटरी इतकी म्हातारी असते की आल्टरनेटर दिवसभर पूर्ण ताकदीनं राबत राहतो आणि तापून मरतो. तुमचा दोष बाहेरचा असेल तर तो तिथंच राहतो, दुकानातून काहीही आणा.

मग मी जुन्या मालाकडे वळलो. भंगारातल्या स्पेअरच्या गाळ्यांत आल्टरनेटरचे ढीग असतात. तोडलेल्या गाड्यांचे, अपघातातल्या गाड्यांचे. अपघातातली गाडी तुलनेनं नवी असली तर तिचा आल्टरनेटर खरोखर चांगला निघू शकतो, आणि जुन्या मालाच्या बाजूनं हीच एक मजबूत गोष्ट आहे: त्याच्या आत कंपनीनं घातलेलं वायंडिंग आणि कंपनीचेच डायोड असतात, कुणी हात लावलेला नसतो. पण तो कुठल्या गाडीतून आला हे सांगणारं कुणी नसतं. मला अडीच हजार सांगितले आणि "चेकिंग गॅरंटी" दिली. म्हणजे बसवून बघा, चालला तर तुमचा, नाही चालला तर चार दिवसांत परत आणा.

गाळ्यात मी हे पाहिलं. पुली हातानं फिरवली. खरखर आली की बेरिंग गेलेलं, पण ते बदलता येतं, त्यानं माल बाद होत नाही. शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला. हलला तर झाकणातली बेरिंगची बैठकच झिजलेली असते, आणि त्यावर धड इलाज नाही. नाकाजवळ नेऊन वास घेतला. जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. मीटरनं स्लिप रिंगच्या दोन कड्यांमध्ये रेझिस्टन्स मोजला. रोटर चांगला असेल तर तीन-चार ओहमच्या आसपास येतो. त्या गाळ्यातल्या मालात हे सगळं बऱ्यापैकी होतं. नडलं ते पाठीवर. पंप काढायला लावला, तर शाफ्टचे दाते मधोमध झिजून बारीक झालेले. असा शाफ्ट चार्जिंग उत्तम करेल, मीटरवर 14.2 दाखवेल, आणि एके दिवशी पंप फिरवणं सोडून देईल. मग घाट उतरताना पेडल दगडासारखं कडक. तो तिथंच ठेवला.

दुसरा एक चांगला वाटला, तर त्याला डब्ल्यू टर्मिनलच नव्हतं. डिझेल गाड्यांत आरपीएम मीटरला सिग्नल बहुतेक तिथून जातो. दिसायला दोन आल्टरनेटर जुळे भाऊ असतात, पण टर्मिनल वेगळी, पुलीच्या खाचा वेगळ्या, कान अर्धा इंच मागे-पुढे. कान अर्धा इंच सरकलेला असला की बेल्ट तिरका पळतो आणि महिन्याभरात कडा सोलून टाकतो. म्हणून जुना माल घ्यायला जाताना आपला आल्टरनेटर सोबत न्यावा आणि शेजारी शेजारी ठेवून ताडून बघावा. फोटोवर भागत नाही. अँपिअरचा आकडाही पाटीवरून वाचावा. पाटी खरडलेली असेल तर घेऊ नये.

रिकंडिशनच्या बाबतीत मात्र मला जास्त वेळ द्यावा लागला, कारण या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एका दुकानात शेल्फवर चंदेरी रंगाचे, चकाचक आल्टरनेटर मांडलेले. चार हजार, आपला जुना दिला तर पाचशे कमी, सहा महिन्यांची तोंडी गॅरंटी. "उघडून दाखवा" म्हटल्यावर दुकानदार थोडा नाराज झाला, पण दाखवला. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम रंगाचा फवारा मारलेला, तो वायुवीजनाच्या फटींतून आत स्टेटरपर्यंत उडालेला. कार्बन नवे. बेरिंग नवं, पण पुढचंच. मागचं जुनं. स्लिप रिंगला पॉलिश पेपर मारलेला, खाच तशीच. डायोड प्लेट जुनी, आणि तिच्या एका पायावर जाडजूड डागाचा गोळा. याला रिकंडिशन म्हणणं मला पटत नाही. हा जुनाच माल, फक्त धुऊन-रंगवून जास्त किमतीला. गाळ्यातला अडीच हजारांचा निदान स्वतःची अवस्था लपवत तरी नव्हता.

मामांचं रिकंडिशन वेगळं आहे. ते आपलाच आल्टरनेटर घेतात आणि प्रत्येक भाग मोजून ठेवायचा की टाकायचा ते ठरवतात. दोन्ही बेरिंग बदलायची, आणि ती सीलबंद, नावाजलेल्या कंपनीची. स्लिप रिंगला खाच असेल तर नवी रिंग दाबून बसवून लेथवर पुसायची. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) आणि डायोड प्लेट नवी. स्टेटर काळा असेल तर बदलायचा किंवा रिवाइंड करायचा. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हातानं रिवाइंड केलेला स्टेटर वाईट नसतो, पण तार मूळ जाडीची आणि वेढे मूळ संख्येचे हवेत, आणि वार्निश घालून भट्टीत भाजलेला हवा. बारीक तार घातली की व्होल्टेज बरोबर येतं, अँपिअर येत नाहीत. रिकाम्या गाडीवर मीटर लावला तर सगळं छान दिसतं. हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम लावले की खाली बसतो.

म्हणून रिकंडिशन घेताना किमतीपेक्षा मोठा प्रश्न हा, की तपासणार कशावर? मामांकडे जुना टेस्ट बेंच आहे. मोटरवर पट्टा लावून आल्टरनेटर फिरवतात आणि लोड चढवत नेतात. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा नुकताच बांधलेला आल्टरनेटर त्यांनी माझ्यासमोर लावला. थंड असताना 14.3 व्होल्ट आणि भरपूर अँपिअर. मला वाटलं झालं. मामा चहा प्यायला बसले आणि तो तसाच लोडवर फिरत ठेवला. हात लावता येणार नाही इतका तापल्यावर पुन्हा वाचलं, तर अँपिअर थोडे उतरलेले, व्होल्टेज मात्र जागेवर. "आता बांधा," म्हणाले. थंड चाचणीत पास झालेला कच्चा डायोड किंवा कच्चं वायंडिंग तापल्यावरच उघडं पडतं. ज्या दुकानात ही गरम चाचणी होत नाही तिथलं रिकंडिशन मी घेणार नाही, मग तिथं बारा महिन्यांची गॅरंटी का देईनात. गॅरंटी म्हणजे तो बदलून देईल. रात्री घाटात बंद पडल्यावर ती कागदावर असली काय आणि तोंडी असली काय, तिथं काहीच करत नाही.

काही गिऱ्हाइकं चाचणी म्हणून इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघतात. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, असा समज. हे कृपया कुणी करू नका. बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेजचा झटका उसळतो आणि रेग्युलेटर, डायोड, नव्या गाडीत तर कंट्रोल युनिटसुद्धा जाऊ शकतं. मल्टिमीटर काही शेकड्यांत मिळतो.

आमच्या आल्टरनेटरचा मामांनी हिशोब केला. स्टेटर, डायोड प्लेट, रेग्युलेटर, दोन बेरिंग, कार्बन, स्लिप रिंग, पंपाचं सील, आणि पंपाची पातीही घासलेली, म्हणजे पंप नवाच. मजुरी धरून सात हजारांच्या वर गेलं. मूळचं असं फक्त बाहेरचं घर आणि रोटरचा गाभा उरत होता. मामांनी स्वतःच सांगितलं, "एवढं करण्यात अर्थ न्हाई. निम्मं खराब असतं तर बांधून दिलं असतं." स्वतःच्या हातची मजुरी जाऊ देऊन असं सांगणारा कारागीर भेटणं हे भाग्यच.

उरला नवा. इथंही एकच प्रकार नाही. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. शोरूममध्ये किंवा अधिकृत स्पेअर डीलरकडे मिळतो, मला तेरा हजारांच्या आसपास सांगितला. दुसरा, आल्टरनेटर बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. आमच्या जुन्या आल्टरनेटरवर लुकास टीव्हीएसची पाटी होती. चेन्नईच्या पाडीत 1961 पासून ही कंपनी गाड्यांची इलेक्ट्रिकल उपकरणं बनवते, आणि गाड्यांच्या कंपन्यांना पुरवते तसा आपल्या वितरकांमार्फत बाजारातही माल देते. पंपासकट हा साडेदहा हजारांना मिळत होता. आणि तिसरा, साडेपाच हजारांचा, डब्यावर भलतंच नाव, आत वस्तू तशीच दिसणारी.

तिसरा मोहात पाडणारा होता, कारण तो "नवा" होता. दुकानदारानं हातात दिल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वजनाची. जुन्यापेक्षा स्पष्ट हलका. फटीतून टॉर्च मारून पाहिलं, तर स्टेटरच्या खाचांमध्ये तांबं कमी भरलेलं आणि मोकळी जागा जास्त. पाटीवर अँपिअर मात्र मूळच्याइतकेच छापलेले. ज्या वस्तूत तांबं कमी आहे ती तितकीच वीज देईल यावर माझा विश्वास बसला नाही. नवा म्हणून ती घेण्यापेक्षा मामांनी बांधलेला जुना मी डोळे झाकून घेतला असता. "नवा" या शब्दाला एवढी किंमत देऊ नये, हे मला त्या काउंटरवर पटलं.

पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक मी शोधायचा प्रयत्न केला. पार्ट नंबर ताडले, वितरकाकडून वस्तू जुन्याशेजारी ठेवून पाहिली. कान, टर्मिनल, पुली, दाते, सगळं जुळलं. मग वरचे अडीच हजार डब्यासाठी द्यायचं कारण मला दिसेना. मात्र वितरकाकडूनच घेतला, पक्क्या बिलावर, बिलात सिरियल नंबर लिहून घेतला. कारण नकली डबे बाजारात आहेत, आणि बिलाशिवाय वॉरंटीचा दावा कुणी ऐकत नाही. कित्येक स्पेअरच्या दुकानांत बिलावरच छापलेलं असतं: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. पैसे देण्याआधी ते वाचावं आणि दोष निघाला तर दावा कोण नेणार, दुकान की आपण, हे विचारून घ्यावं.

गाडीच्या वयाचा प्रश्न घरात निघालाच. अण्णांचं म्हणणं होतं, "म्हाताऱ्या गाडीला दहा हजारांचा डायनामो कशाला? रिकंडिशन टाक." त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. गाडीची 15 वर्षं 2024 मध्ये भरली. आम्ही पासिंग करून नोंदणी पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून घेतली. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीची ही फीच 5,000 रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर. मी त्यांना तेच उलटं मांडलं. नोंदणी 2029 पर्यंत आहे, गाडी तोवर चालवायची ठरलंय. साडेदहा हजार त्या वर्षांत वाटले तर वर्षाला दोन-अडीच हजार. शेल्फवरचा चंदेरी चार हजारांचा वर्षभरात गेला, तर मजुरी, टोइंग आणि खोळंबा धरून तोच महाग पडणार. आणि अण्णा, तुम्ही पावसात घाटातून येता. हेडलाइट दोन, जवळपास दहा अँपिअर. वायपर, ब्लोअर, मागचे दिवे, फॉग लॅम्प धरले की तीस-पस्तिसाच्या घरात. मंद वेगात, कमी आरपीएमवर आल्टरनेटर पूर्ण ताकद देतच नाही. घाटात ट्रकमागं रांगताना नेमकं हेच घडतं. म्हणून ज्याचे अँपिअर खात्रीचे आहेत आणि ज्याचा पंप नवा आहे तोच हवा. पंपाचा मुद्दा निघाल्यावर अण्णा काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "आण मग."

बसवताना मामांनी दोन गोष्टी केल्या त्या सांगण्याजोग्या आहेत. पंपात आधी चमचाभर इंजिन ऑइल घालून हातानं फिरवून घेतला, म्हणजे पहिल्या सेकंदांत तो कोरडा घासला जाऊ नये. आणि तिन्ही नळ्या नव्या टाकल्या, तेलाच्या नळ्या तेलाला टिकणाऱ्या रबराच्याच. इंजिन चालू केल्यावर रिकाम्या गाडीला 14.3, सगळं लावून 13.9. मग ब्रेकची चाचणी: इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबायचं, ते कडक होतं, मग तसंच दाबून धरून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं. नवा बेल्ट थोडा ताणला जातो, म्हणून पाचेकशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा बघून घेतला. आता दर महिन्याला मी पंपाच्या जोडाखाली पांढरा कागद फिरवतो. तेलाचा डाग आला तर कार्बनपर्यंत पोचायच्या आधी कळेल.

जुना आल्टरनेटर एक्स्चेंजमध्ये दिला नाही. दुकानवाला त्याचे सातशे देत होता. मामांनी सांगितलं, रोटर आणि घर चांगलं आहे, ठेवा. तो त्यांच्याकडेच ठेवलाय, कुणाच्या तरी गाडीला ते भाग लागतील.

याच दिवाळीत मेहुण्याच्या वॅगन आरचा आल्टरनेटर कुरकुरायला लागला आणि त्यानं विचारलं, "दाजी, तुम्ही नवा टाकलात, मीपण नवाच टाकू का?" त्याची गाडी पेट्रोल, पाठीवर पंप नाही, फिरणं सगळं शहरात. मी त्याला मामांकडे पाठवलं. उघडल्यावर स्टेटर तांबूस आणि कोरडा, डायोड सगळे ठीक, फक्त कार्बन संपलेले आणि मागचं बेरिंग आवाज करतंय. दोन्ही बेरिंग, कार्बन, स्लिप रिंगची सफाई आणि तापवून चाचणी, सगळं मिळून दीड हजारांत झालं. त्याला नवा, जुना, रिकंडिशन यातलं काहीच विकत घ्यावं लागलं नाही.